जुन्या-नव्या स्पोर्ट्स कार्सची हौस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोर्ट्स कार म्हणजे भन्नाट पळणारी गाडी, एवढंच ना?

एवढंच असतं तर प्रश्नच मिटला असता. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ चं इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. सरळ रस्त्यावर तिला कुणीही गाठावं. पण वजन साडेनऊशे किलोच्या घरात, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, बसायला दोघंच आणि वर हाताने मागे टाकायचं कापडी छत. वळणावर तिच्याइतकी मजा देणाऱ्या गाड्या त्या किमतीत नव्हत्याच. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या, आणि घेणाऱ्यांची गंज सोडून फारशी तक्रार ऐकू येत नाही.

माझ्या हिशेबी, चालवणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली ती स्पोर्ट्स कार. सामान, मागची सीट, आराम यांचा विचार तिच्यात नंतर होतो. दोघांना सामानासकट लांबच्या पल्ल्यावर आरामात नेणारी ती जीटी. आकार, आवाज, किंमत सगळंच अंगावर येणारी ती सुपरकार. १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराने व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं, इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलं, तिथून सुपरकारची सुरुवात झाली असं बरेच जण मानतात. या हद्दी पुसट आहेत आणि त्यांवर वाद घालायला रात्र पुरत नाही, म्हणून इथेच थांबतो.

क्लासिक म्हणायला गाडी किती जुनी हवी?

जुन्या वाहनांच्या संस्थांची ‘फिवा’ ही जागतिक संघटना १९६६ पासून आहे. तिच्या मते गाडी किमान ३० वर्षांची, मूळ रूपाला धरून जपलेली आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी न वापरलेली हवी. कर, तपासणी आणि नोंदणीचे नियम मात्र देशागणिक वेगळे असतात, ते आपापल्या ठिकाणी पाहून घ्यावेत. ज्यांनी तरुणपणी होंडा एनएसएक्सचं चित्र भिंतीवर लावलं होतं, त्यांना तिला ‘क्लासिक’ म्हटलेलं सहन होत नाही. पण १९९० साली आलेल्या त्या गाडीने तिशी कधीच ओलांडली.

आज विजेवरची घरगुती गाडीसुद्धा जुन्या जग्वारला सिग्नलवर मागे टाकते. मग त्या जुन्या गाडीत उरलं काय?

सगळ्या प्रश्नांमध्ये हाच खरा प्रश्न आहे.

१९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वार ई-टाइप उभी राहिली, तेव्हा ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, हा आकडा ऐकून लोक थक्क झाले होते. जागेवरून निघून ताशी १०० गाठायला तिला सातेक सेकंद लागत. आज मागे लहान मुलाची सीट लावलेल्या चार दारांच्या विजेच्या गाड्या हेच काम पाच-सहा सेकंदांत, हूं की चूं न करता उरकतात. विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देते, इंजिनाला आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) चढेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे जुनी गाडी हरते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. वेग स्वस्त झाला आहे.

महाग झालं आहे ते वेगळंच. ई-टाइपमध्ये बसलं की हातात लाकडी कड्याचं मोठं, बारीक स्टिअरिंग येतं आणि समोर लांबच लांब बॉनेट दिसतं. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहातांत येतो. पुढच्या टायरची पकड सुटू लागली की स्टिअरिंग किंचित हलकं पडतं, आणि गाडी घसरायच्या आधीच हातांना ते कळतं. चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, म्हणजे ब्रेक नेमका किती दाबायचा हे पायालाच शिकावं लागतं. वळणाआधी गिअर खाली आणताना उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवायचा, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची, इंजिनाचा वेग जुळला की क्लच सोडायचा. जमलं तर गिअर बसल्याचंही कळत नाही. चुकलं तर मागची चाकं हिसका देऊन चूक पदरात घालतात.

आणि हे सगळं ताशी साठ-सत्तरलाही अनुभवता येतं. आजच्या सुपरकारमध्ये गाडी जिवंत वाटू लागेपर्यंत लायसन्स जायची वेळ आलेली असते. म्हणून जुन्या गाडीची बाजू कधी घड्याळ हातात घेऊन मांडू नये.

म्हणजे नव्या गाड्या सगळ्या निर्जीव?

असं सरसकट म्हणणाऱ्यांनी पावसात, जुन्या ड्रम ब्रेकवर, समोर अचानक ट्रक थांबलेला पाहावा. मग बोलावं.

नव्या गाड्यांवरचा खरा आक्षेप वजनाचा आहे. १९९६ च्या लोटस एलिसची चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली होती, आणि पहिल्या रूपात अख्खी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास होती. त्याच एलिसच्या कुळातून २००८ साली टेस्ला रोडस्टर आली. बॅटरी चढल्यावर तिचं वजन सव्वा टनावर गेलं, आणि तीही आजच्या मानाने हलकीच म्हणायची. आजच्या पोर्शे टायकानचं वजन दोन टनांच्या पुढे आहे. ताकद वाढवून वजन लपवता येतं, पण ते सरळ रस्त्यावर. ब्रेक मारताना आणि वळताना ते पुन्हा हजर होतं.

तरी हलकं बनवायची जिद्द असलेले लोक संपलेले नाहीत. अल्पिनने २०१७ साली ए११० पुन्हा आणली, ती सुमारे ११०० किलोची. गाड्यांचे डिझायनर गॉर्डन मरे यांची टी.५० तर हजार किलोच्याही आत आहे. तिचं व्ही१२ इंजिन १२,१०० आरपीएमपर्यंत जातं आणि गिअर हातानेच टाकायचे असतात. बनवल्या फक्त १००, त्यामुळे आपण चित्रंच पाहायची. एमएक्स-५ मात्र चौथ्या पिढीतही एका टनाच्या आसपास राहिली आहे, आणि मला विचाराल तर टी.५० पेक्षा तेच मोठं काम आहे.

मॅन्युअल गिअर खरंच संपणार का?

मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाड्यांमधून, हो. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र गोष्ट सरळ रेषेत गेलेली नाही. १९९७ च्या फेरारी ३५५ एफ१ पासून बोटांनी गिअर बदलायची स्टिअरिंगमागची पॅडल आली. पुढे डबल क्लचचे गिअरबॉक्स आले आणि माणसाच्या हातापेक्षा कितीतरी झटपट गिअर बदलू लागले. २०१३ साली पोर्शेने ९११ जीटी३ फक्त अशाच गिअरबॉक्सवर आणली. शर्यतीच्या ट्रॅकवर एका फेरीची वेळ सुधारली आणि जुने चाहते रुसले. २०१६ साली मॅन्युअल गिअरची ९११ आर आली, ती फक्त ९९१ गाड्यांपुरती, आणि लोक तिच्यावर तुटून पडले. वर्षभरात जीटी३ लाही मॅन्युअल परत मिळाला. टोयोटा सुप्राचंही तसंच झालं. २०१९ साली आली ऑटोमॅटिकवर, २०२२ साली मॅन्युअलचा पर्याय द्यावा लागला. गिऱ्हाईक थोडं असलं तरी हट्टी असेल तर कारखान्याला ऐकावं लागतं.

विजेच्या गाडीत नकली गिअर आणि नकली आवाज, ही थट्टा नाही का?

ऐकायला थट्टाच वाटते. ह्युंदाईच्या २०२३ च्या आयोनिक ५ एन मध्ये पॅडल ओढलं की मोटरचा जोर क्षणभर तोडून आठ गिअरचा भास दिला जातो, सोबत स्पीकरमधून इंजिनाचा आवाज. नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: गिअर आणि आवाज यांतूनच चालकाला आपण वळणाकडे किती वेगाने जातोय याचा अंदाज येतो. तो धागा तुटला की काट्याकडे बघत बसावं लागतं. तेव्हा सोंग असलं तरी उपयोगाचं आहे. तरीही दोन टनांहून जड गाडी दोन टनांहून जडच राहते.

पहिली जुनी स्पोर्ट्स कार कोणती घ्यावी?

जिचे सुटे भाग आजही मिळतात आणि जिच्यावर काम केलेला मेकॅनिक गाठता येतो, ती. एमजीबी, एमएक्स-५, पोर्शेची जुनी बॉक्स्टर या नावांची शिफारस सगळीकडे होते, ती याच कारणाने. दुर्मीळ मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर ते स्वस्त का आहे हे एखाद्या काचेच्या किंवा रबरी बीडिंगच्या शोधात वर्ष गेल्यावर कळतं.

गाडी पाहायला जाताना नेमकं काय पाहायचं?

आधी विकणाऱ्याला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं होतं असं समजा. थंड इंजिन खोटं बोलत नाही: चालू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवा. पिवळट-पांढरा फेस दिसला तर एकतर गाडी नुसती थोडी थोडी चालवली आहे किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं आहे.

मग गुडघे टेका. जुन्या गाडीचा शत्रू इंजिनात नसतो, पत्र्यात असतो. इंजिन खोलून परत बसवता येतं. दारांखालचे सिल, चाकांवरच्या कमानी, काचेखालची पट्टी, बॅटरीखालचा ट्रे, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालचा तळ गंजला असेल तर वेल्डिंगचं काम गाडीच्या किमतीवर जातं. मऊ कापडात गुंडाळलेला लहान लोहचुंबक खिशात ठेवावा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्रा जाऊन पुटी भरलेली आहे. अर्थात ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या गाडीवर हा प्रयोग करून विकणाऱ्याला हसवू नये. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का पाहा. एका बाजूला बोट जातं आणि दुसऱ्या बाजूला नख जात नाही, तर तो अपघात कुणी सांगितलेला नाही.

टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. नक्षी नवीकोरी दिसली तरी पंधरा वर्षांचं रबर दगड झालेलं असतं, पहिल्या पावसात ते दगा देतं. चालवून बघताना गिअरबॉक्स थंड असतानाच तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून पाहा. खरखरला तर सिंक्रोची, म्हणजे गिअरांचा वेग जुळवणारी, रिंग झिजली आहे.

आणि पहिल्याच भेटीत पैसे देऊ नका. प्रेमात पडलेल्या माणसाला गंज दिसत नाही.

‘मॅचिंग नंबर्स’चं एवढं काय कौतुक?

कारखान्यातून निघताना त्या चॅसिसवर जे इंजिन बसवलं होतं, तेच आजही असेल तर गाडीला मॅचिंग नंबर्स म्हणतात. नीट चालणारी गाडीच हवी असेल तर याने काडीचा फरक पडत नाही. विकताना मात्र पडतो. नंबर पुन्हा ठोकून ‘मॅचिंग’ करणारे महाभागही आहेत, म्हणून आकड्यांची वळणं, खोली आणि आजूबाजूला घासल्याच्या खुणा पाहाव्यात. पोर्शेसारख्या काही कंपन्या जुन्या नोंदींवरून दाखला देतात.

जशी आहे तशी ठेवावी, नवी करून घ्यावी, की आतून आधुनिक करावी?

मूळचा रंग, मूळची शिवण, थोडी भेगाळलेली सीट हे सगळं शाबूत असेल तर हात लावू नका. नवी गाडी पुन्हा कितीदाही करता येते, मूळची एकदाच असते. पडून कुजलेली गाडी असेल तर पूर्ण रिस्टोरेशन करायला हरकत नाही.

तिसरा रस्ता रेस्टोमॉडचा: दिसायला जुनी, आत नवे ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन. कॅलिफोर्नियाच्या सिंगरने जुन्या ९११ वर असं काम करून मोठं नाव कमावलं. कारागिरीबद्दल दुमत नाही, तरी मला त्या गाड्या जरा जास्तच बिनचूक वाटतात. साध्या गाडीत चांगले ब्रेक पॅड, चांगले टायर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन एवढे बदल पुरे होतात, आणि ते सगळे उलटवता येतात.

इंजिन काढून विजेची मोटर बसवली तर?

जग्वारने स्वतः २०१७ साली ई-टाइप झीरो करून दाखवली. बॅटरी बसवली जुन्या सहा सिलिंडर इंजिनाच्या जागी, जवळपास तेवढ्याच आकारमानाची आणि वजनाची. पुढच्या वर्षी ब्रिटिश राजघराण्याच्या लग्नात ती जगाने पाहिली. फिवाचं म्हणणं मात्र स्पष्ट आहे: अशी गाडी ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, करायचंच असेल तर काढलेले भाग जपा आणि बदल परत फिरवता येईल असा करा. मला ते पटतं. ज्या गाडीचं इंजिन सामान्यच होतं आणि रूप देखणं, तिथे मोटर बसवा. हवेवर थंड होणाऱ्या ९११ मधून इंजिन काढणं मात्र माझ्या जिवावर येईल. १९९८ नंतर कारखान्याने तसं इंजिन बनवलेलं नाही.

पेट्रोलच मिळालं नाही तर?

इतक्यात पंप ओस पडणार नाहीत. युरोपीय संघाने २०२३ साली ठरवलेला २०३५ चा नियम नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या विक्रीबद्दल आहे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या त्याने बंद होत नाहीत, आणि पुढे तो सैल करण्याच्या हालचालीही सुरू झाल्या. शहरांत शिरायचे निर्बंध ही वेगळी बाब. त्यात अनेक ठिकाणी ऐतिहासिक गाड्यांना सूट असते, काही ठिकाणी नसते.

रोजचा त्रास पेट्रोलच्या बदललेल्या घडणीचा आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असे, त्याचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. जगात शिशाचं पेट्रोल गाड्यांसाठी सर्वांत शेवटी अल्जेरियात, २०२१ साली बंद झालं. जुन्या इंजिनाला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या की हा विषय संपतो. इथेनॉलचं तसं नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधले डायफ्रॅम खाऊन टाकतं, आणि गाडी उभी राहिली की टाकी आतून गंजवतं. इथेनॉल सोसणारे पाइप आधी बदला. गरम इंजिनावर गळणारा पेट्रोलचा पाइप म्हणजे आग, त्यात काटकसर नको.

हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि विजेने मिळवलेला हायड्रोजन यांपासून बनणारं ई-फ्युएल हा आणखी एक आशेचा भाग. चिलीतल्या हारू ओनी इथे पोर्शेच्या सहभागाने २०२२ च्या डिसेंबरात ते बनू लागलं. पण ते बनवायला अफाट वीज लागते. सगळ्या जगाच्या गाड्या त्यावर चालणार नाहीत. रविवारी सकाळी निघणाऱ्या थोड्याशा गाड्यांपुरतं मात्र ते शक्य दिसतं.

आजच्या गाड्या ३० वर्षांनी क्लासिक म्हणून चालू राहतील?

यांत्रिक भागांची मला काळजी नाही. पोर्शेने २०१८ पासून जुन्या गाड्यांचे काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने बनवायला घेतले. ९५९ च्या क्लचचा रिलीज लिव्हर त्यातलाच. त्या मॉडेलच्या तीनशेसुद्धा गाड्या बनल्या नव्हत्या, त्यासाठी साचे सांभाळणं कुणालाच परवडलं नसतं. माझदा आणि निस्साननेही आपापल्या जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा काढले आहेत.

काळजी आहे ती संगणकाची. मॅक्लारेन एफ१ ही १९९० च्या दशकातली गाडी, एकूण १०६ बनल्या. तिची तपासणी करायला त्याच काळातला कॉम्पॅक लॅपटॉप लागत असे, आणि कंपनीला असे जुने लॅपटॉप जपून ठेवावे लागले. ही गोष्ट होती इंजिनाच्या एका संगणकाची. आजच्या गाडीत असे डझनावारी आहेत, एकमेकांशी बोलणारे. त्यांतला एक रुसला तर गाडी जागची हलत नाही. नियमांचाही रेटा याच बाजूने आहे. सायबर सुरक्षेच्या नव्या अटींमुळे २०२४ साली पोर्शेची पेट्रोलवरची ७१८ युरोपीय संघातल्या विक्रीतून बाहेर पडली, आणि सुरक्षा साधनांच्या नियमांमुळे टोयोटा जीआर८६ युरोपात जेमतेम दोन वर्षं टिकली. दोन्ही गाड्यांत यांत्रिक खोट नव्हती.

नवी गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर कमी पडद्यांची घ्या.

गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

नको. २०२२ साली मर्सिडीजची १९५५ मधली ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोला गेली, ते वाचून हुरळून जाऊ नये. तशा दोनच बनल्या होत्या. विमा, जागा, टायर, सर्व्हिसिंग हे सगळं मोजलं तर बहुतेक जुन्या गाड्या मालकाला खर्चात पाडतात. हौसेला मोल नसतं हे मान्य असेल तरच पुढे जा.

गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर?

बॅटरीला मेंटेनर (ती हळूहळू चार्ज ठेवणारं यंत्र) लावा, टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा, ऑइल उभी करण्याआधी बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड चिकटतात. चाकांखाली ठोकळे लावा.

आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करायची सवय असेल तर सोडा. एवढ्या वेळात ऑइल तापत नाही, उलट ओल इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये साचते. एकतर अर्धा तास नीट चालवून आणा, नाहीतर हात लावू नका.

पर्यावरणाचं बघता अपराधी वाटतं. काय करावं?

वर्षातून मोजक्या वेळा निघणारी गाडी एकूण धुरात फारच थोडी भर घालते, हे खरं. पण ‘माझी गाडी बिनदोष’ असं म्हणण्याइतकं ते खरं नाही. कार्ब्युरेटर नीट ट्यून ठेवा, ऑइल गळू देऊ नका, आणि पहाटे लोकांच्या खिडक्यांखाली रेस करू नका. या हौसेवर बंदी आणायला निकामी सायलेन्सरची गाडी पर्यावरणवाद्यांपेक्षा जास्त मदत करते.

घरात पुढच्या पिढीला रस नाही. गाडीचं काय होणार?

रस नसतो कारण अनेकदा त्यांना गाडीला हातच लावू दिलेला नसतो. किल्ली द्या, शेजारी बसा, गिअर खरखरला तरी तोंड बंद ठेवा. तरीही नाही आवडली तर जबरदस्ती करू नका, गाडीला दुसरं घर शोधा. १९२७ ते १९५७ मध्ये इटलीत धावलेली मिले मिलिया आज वेळ पाळण्याची शर्यत म्हणून भरते, आणि त्यातल्या गाड्या किती मालकांच्या हातांतून गेल्या आहेत याचा हिशेब मोठा आहे.

दोन्ही वेळी उपयोगी पडते ती फाइल. नोंदणीची कागदपत्रं, जुनी बिलं, कोणता भाग कधी आणि कुठून घेतला, कोणत्या रंगाचा कोणता कोड, वेल्डिंग करतानाचे फोटो, कार्ब्युरेटरच्या जेटचे नंबर, हे सगळं एका जागी ठेवा. थंड असताना चोक किती ओढायचा आणि अडणारा दुसरा गिअर कसा टाकायचा, हेही लिहून ठेवा. सुट्या किल्लीची जागाही त्यातच नोंदवा.